विजेची गाडी आणि दारातले अंगण

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

२०२३ सालच्या दसऱ्याला आमच्या दारात विजेवर चालणारी मोटारगाडी आली. तेव्हापासून महाविद्यालयात, एस.टी.त, लग्नघरी, इतकेच काय परीक्षेच्या दालनाबाहेरसुद्धा मला तेच तीन प्रश्न विचारले जातात. एकदा चार्ज केली की किती पळते? चार्ज व्हायला किती वेळ लागतो? आणि वाटेतच संपली तर काय करता? आदरणीय प्राध्यापक हेच विचारतात आणि स्टँडवरचा पेपरवालाही हेच विचारतो. येता-जाता तुटक उत्तरे देऊन मी थकले. म्हणून यंदाच्या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरविले, की या तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरे एकदाच लिहून टाकावीत. शिवाय एक चौथा प्रश्न आहे. तो मला आजवर कोणीच विचारलेला नाही. पण गाडी वापरताना तोच सर्वांत मोठा आहे असे माझे मत झाले आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

गाडीविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की तिच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते. आमचे आप्पा कवठेमहांकाळ तालुक्यात बरीच वर्षे दुसऱ्याच्या जीपवर वडाप करीत होते. बँकेचे कर्ज काढून त्यांनी ही छोटी गाडी घेतली आणि गावातील आजारी माणसांना मिरजेच्या दवाखान्यात नेण्या-आणण्याचे काम सुरू केले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा "आता वही तुझ्याकडं" म्हणून ती माझ्या हाती आली. रोज रात्री किती किलोमीटर झाले, मीटरवर किती युनिट पडले, किती पैसे मिळाले, हे मी लिहिते. पुढे जे आकडे येतील ते त्याच वहीतले आहेत.

पहिला प्रश्न : किती पळते? याचे उत्तर देण्याआधी 'युनिट' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्या वीजबिलात ज्याला युनिट म्हणतात तो म्हणजे एक किलोवॅट-तास. हजार वॅटची शेगडी तासभर चालली की एक युनिट वीज खर्च होते. पेट्रोलची टाकी जशी लिटरमध्ये मोजतात, तशी विजेच्या गाडीची बॅटरी युनिटमध्ये मोजतात. आमच्या गाडीच्या बॅटरीत २४ युनिट वीज मावते. एका युनिटमध्ये गाडी सरासरी साडेआठ किलोमीटर जाते. म्हणजे पूर्ण भरलेली गाडी दोनशे किलोमीटरच्या आसपास पळते. कागदोपत्री आकडा याहून पुष्कळ मोठा असतो. पण तो प्रयोगशाळेतल्या रुळांवर, ठरलेल्या संथ गतीने, वातानुकूलन बंद ठेवून घेतलेल्या चाचणीचा असतो. आपल्या रस्त्यांवर पाच माणसे, त्यांची गाठोडी, एप्रिलचे ऊन आणि रस्त्यातले खड्डे हे सगळेच गाडीत बसते.

अंतर कशाने घटते हेही मला वहीतूनच कळले. सर्वांत मोठा शत्रू वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दीडपट केला की विरोध सव्वादोन पट होतो. त्यामुळे ताशी साठच्या गतीने जाणारी गाडी आणि नव्वदच्या गतीने जाणारी तीच गाडी, यांच्या खर्चात डोळ्यांत भरण्याइतका फरक पडतो. पेट्रोलच्या गाडीतही हे घडतेच. पण तिथे टाकी मोठी आणि पंप जागोजागी, त्यामुळे जाणवत नाही. दुसरी गोष्ट चढण. २०२४ सालच्या दिवाळीनंतर आम्ही एका पेशंटला पुण्याहून घेऊन परत येत होतो. खंबाटकीच्या चढाला लागल्यावर समोरच्या पडद्यावरचे टक्के असे उतरू लागले, की मागच्या बाकावर मी जीव मुठीत धरला. आप्पा मात्र शांत होते. "उतार यीऊ दे," एवढेच म्हणाले. आणि खरोखरच उतार लागला तेव्हा टक्के घटण्याचे थांबले, आणि थोडे वरही सरकले.

ही जादू नव्हे, १८३१ साली मायकेल फॅरेडेने शोधलेल्या नियमाचे ते काम आहे. तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की चुंबकाच्या साहाय्याने चाक फिरते, ही झाली मोटर. तेच चाक बाहेरून फिरविले की वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे झाले जनित्र. यंत्र एकच, काम उलटे. उतारावर किंवा पाय उचलल्यावर गाडीची मोटर जनित्र बनते. चाकांचा वेग ती विजेत बदलून बॅटरीत परत घालते आणि त्याच वेळी गाडीला आवरही घालते. पेट्रोलच्या गाडीत हाच वेग ब्रेकच्या उष्णतेत वाया जातो. अर्थात चढाला गेलेले सगळे उतारावर परत मिळत नाही. काही भाग परत मिळतो. आप्पा याला 'सुट्टे परत मिळणे' म्हणतात. या गुणामुळे ब्रेकही पुष्कळ कमी झिजतात. इंजिन नाही म्हणून इंजिनचे ऑइल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. टायर, सस्पेन्शन आणि विमा मात्र सगळ्यांसारखाच.

दुसरा प्रश्न : किती वेळ लागतो? याला दोन उत्तरे आहेत, कारण वीज भरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. घरात फ्रीज किंवा गिझरसाठी जो जाड तीन पिनांचा १५ ॲम्पियरचा पॉइंट असतो, त्यावर गाडी लावता येते. विद्युतदाब २३० व्होल्ट, प्रवाह सुमारे १३ ॲम्पियर. दोहोंचा गुणाकार केला की तीन हजार वॅट होतात. म्हणजे तासाला तीन युनिट. बॅटरी २४ युनिटांची, वाटेत थोडी वीज उष्णतेत जाते, तेव्हा रिकामी गाडी भरायला आठ-नऊ तास लागतात. ऐकणाऱ्याला हा वेळ फार वाटतो. पण हे तास रात्रीचे असतात. आप्पा नऊ वाजता गाडी लावतात, भाकरी खाऊन झोपतात, आणि पहाटे गाडी भरलेली असते. आमच्या भागात चौथ्या-पाचव्या दिवशी नळाला पाणी येते तेव्हा घरातली भांडी भरून ठेवतात आणि मग ते पाणी बेताने वापरतात. विजेची गाडी म्हणजे तसाच रांजण आहे. पेट्रोलची गाडी म्हणजे तहान लागली की विहिरीवर जाणे. ही म्हणजे रात्री भरून ठेवणे. ज्यांनी रांजण भरले आहेत त्यांना ही सवय लावावी लागत नाही.

दुसरी तऱ्हा जलद चार्जिंगची. घरातली वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे ए.सी. असते, बॅटरीत मात्र एकाच दिशेची, डी.सी. वीज साठते. घरी हे रूपांतर गाडीतले लहान यंत्र करते, म्हणून वेळ लागतो. हमरस्त्यावरच्या जलद केंद्रात रूपांतराचे मोठे यंत्र बाहेर कपाटात बसविलेले असते आणि सरळ डी.सी. वीज बॅटरीत जाते. तिथे आमची गाडी दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायला तासाभराच्या आसपास लागतो. मात्र ऐंशीच्या पुढे गती एकदम मंदावते आणि बरेच लोक "मशीन बिघडले" म्हणून तक्रार करतात. मशीन बिघडलेले नसते. याचे कारण समजायला वडाप जीप डोळ्यांसमोर आणावी. पहिली पाच माणसे येतात ती धडाधड बसतात. पुढच्या तिघांना "जरा सरका" म्हणावे लागते. शेवटच्या दोघांना बसवायला ड्रायव्हरला स्वतः खाली उतरून गाठोडी हलवावी लागतात. बॅटरीतही लिथियमचे विद्युतभारित कण ग्राफाइटच्या थरांमध्ये जागा शोधत शिरतात. आधी जागा पुष्कळ असते. पुढे पुढे ती शोधावी लागते. तेव्हा घाईने कोंबले तर बॅटरीला इजा होते, म्हणून गाडीच आपण होऊन वीज हळू घेऊ लागते.

या लिथियम बॅटरीची मूळ कल्पना गेल्या शतकाच्या सत्तरीतली, आणि ती बाजारात आली १९९१ साली, जपानमधील सोनी कंपनीकडून. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण विजेची मोटार त्याहून फार जुनी आहे, हे वाचून मला नवल वाटले. ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटार पेट्रोलची नव्हती, विजेची होती. १८९९ साली कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ती चालविली. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील शहरांत विजेच्या मोटारी पुष्कळ होत्या. मग त्या मागे का पडल्या? शिशाच्या बॅटऱ्या जड होत्या आणि थोडेच अंतर जात. १९१२ साली पेट्रोलच्या मोटारीला बटणाने सुरू होण्याची सोय आली आणि हाताने हँडल मारण्याचा त्रास संपला. आणि तिसरे कारण असे, की वीज फक्त शहरांत होती. खेड्यात पेट्रोलचा डबा नेता येत होता, वीज नेता येत नव्हती. हे तिसरे कारण वाचकांनी लक्षात ठेवावे. आपल्या देशात २००१ साली बंगळूरला 'रेवा' ही छोटी विजेची गाडी निघाली. तिचा फार प्रसार झाला नाही. २०२० साली टाटांची 'नेक्सॉन' विजेवर आली, ती पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून. त्यानंतर मात्र हिरव्या पाट्यांच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असली की गाडी खाजगी, पिवळी असली की भाड्याची. आमची पिवळी आहे.

तिसरा प्रश्न : वाटेत संपली तर? आजवर आमची गाडी वाटेत बंद पडलेली नाही. पण एकदा पडली असती, ती हकीकत सांगते.

२०२४ सालचा मे महिना. गावातले एक तात्या आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला जातात. मूत्रपिंड काम करीत नसले की रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावे लागते. चार तास लागतात आणि वार चुकवून चालत नाही. आदल्या रात्री आप्पांनी नऊला गाडी लावली तेव्हा बॅटरी २२ टक्के होती. साडेदहाला वळवाचा पाऊस आला, झाडे पडली, तारा तुटल्या, गाव अंधारात गेले. पहाटे पाचला गाडीत पाहिले तर ३८ टक्के. वीज अजून नव्हतीच.

मी कंदिलाच्या उजेडात वही उघडली. चोवीसचे ३८ टक्के म्हणजे नऊ युनिट. मिरज आमच्या दारापासून ४५ किलोमीटर. जायला सव्वापाच युनिट लागणार. म्हणजे पोचू, पण परत येता येणार नाही. आई म्हणाली, "दुसऱ्याची गाडी सांगा." आप्पा म्हणाले, "तात्याचं भाडं आपण घेतलंय, आपणच न्यायचं. तितं चार तास हायतच की." मला सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेले. वातानुकूलन बंद, काचा उघड्या, वेग पन्नासच्या आत. तात्यांना दवाखान्यात पोचविले तेव्हा बॅटरीत १७ टक्के उरले होते.

मग चार्जिंगच्या शोधात निघालो. मोबाइलवर दाखविलेल्या एका जलद केंद्रावर गेलो तर यंत्राचा पडदा काळा. रात्रीच्या वादळात तेही गेले होते. दुसरे केंद्र लांब होते. तिथे जाऊन तेही बंद निघाले असते तर अडकलो असतो. आप्पांनी एका चहाच्या दुकानात विनंती केली. दुकानदार भला माणूस, "लावा" म्हणाला. पण पिन घालताच आमच्या चार्जरवर लाल दिवा लागला. का, तर तिथल्या पॉइंटला अर्थिंग नव्हते.

इथे थोडे थांबून अर्थिंग समजून घेऊ. तीन पिनांच्या पॉइंटमधले वरचे मोठे छिद्र जमिनीशी जोडलेले असते. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेने जमिनीत जावी, अशी ही योजना आहे. आपल्याकडे कित्येक घरांत ते छिद्र नुसते शोभेला असते. पंखा आणि टीव्ही तक्रार करीत नाहीत म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. गाडीचा चार्जर मात्र तपासणी करतो आणि जमीन सापडली नाही तर वीज घेण्यास साफ नकार देतो. आमच्या स्वतःच्या घरीही गाडी आली त्या रात्री हेच झाले होते. दारात नवी गाडी, तिला हार घातलेला, पेढे वाटून झालेले, आणि लाल दिवा! दुसऱ्या दिवशी वायरमनने अंगणाच्या कोपऱ्यात खोल खड्डा घेतला, पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ घालून बुजविला, तेव्हा हिरवा दिवा लागला. उन्हाळ्यात जमीन वाळली की त्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालावे लागते. आई तुळशीला पाणी घालते तेव्हाच तिथेही घालते.

तर मिरजेत आप्पांना एकदम सुचले. "गिरणी बघू. गिरणीला मोटर असती, मोटरला अर्थिंग असतंय." पुढच्या गल्लीत पिठाची गिरणी सापडली. मालकांनी आधी संशयाने पाहिले, मग तात्यांची हकीकत ऐकली आणि मिरची कांडपाच्या यंत्राचा पॉइंट मोकळा करून दिला. हिरवा दिवा लागला. साडेतीन तास आम्ही पोत्यांवर बसून होतो, आणि दळणाला आलेल्या बायका गाडीकडे पाहून तेच तीन प्रश्न विचारीत होत्या. साडेदहा युनिट झाले. पैसे किती म्हणून विचारल्यावर मालक हसून म्हणाले, "आजपातूर ज्वारी-गव्हाचं दळण केलं, गाडीचं दळण पैल्यांदाच. द्या शंभर-सव्वाशे." बॅटरी ५५ टक्क्यांच्या वर गेली होती. तात्यांना घेऊन आम्ही दुपारी सुखरूप घरी आलो.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन नियम झाले. एक, बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली घेऊन घरी यायचे नाही. आले तर जेवणाआधी गाडी लावायची. दोन, आभाळ भरले की दिवसासुद्धा भरून घ्यायची. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे : वाटेत संपत नाही, कारण संपणार की नाही हे निघण्यापूर्वीच कळलेले असते. विजेच्या गाडीचा मालक रोज थोडे गणित करतो. ज्याला गणित नको त्याने ही गाडी घेऊ नये.

आता चौथा प्रश्न, जो कोणी विचारीत नाही : रात्री गाडी कोठे उभी करता?

गेल्या वर्षी माझे मामा पुण्याहून आले होते. ते तिथे भाड्याच्या गाडीवर चालक आहेत. आमची वही पाहून त्यांच्या मनाने घेतले, की आपणही अशीच गाडी घ्यावी. त्यांच्यासाठी मी हिशेब मांडला, तो इथे देते. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले आणि लिटरला १८ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला पावणेसहा रुपये पडतात. आमच्या घरी पूर्ण बॅटरी भरायला, वाया जाणारी वीज धरून, मीटरवर २७ युनिट पडतात. सगळे आकार धरून आम्हाला युनिट नऊ रुपयांच्या घरात पडते. म्हणजे २४३ रुपयांत दोनशे किलोमीटर, किलोमीटरला सव्वा रुपया. फरक साडेचार रुपयांचा. आप्पा महिन्याला दोन हजार किलोमीटर चालवितात, म्हणजे नऊ हजार वाचतात. आमची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा पावणेतीन लाखांनी महाग पडली होती. तो जादा पैसा अडीच वर्षांत फिटतो.

पण हा हिशेब घरी चार्ज करण्याचा आहे, आणि त्यातही एक मेख आहे. घरगुती वीज आपल्या राज्यात टप्प्याटप्प्याने महागते : पहिली शंभर युनिटे स्वस्त, तीनशेपर्यंतची महाग, पुढची आणखी महाग. घराची नव्वद आणि गाडीची पावणेतीनशे एकाच मीटरवर घेतली तर वरच्या टप्प्यांचा फटका बसतो. पहिल्या महिन्याचे बिल पाहून आईने कपाळाला हात लावला होता! मग आम्ही वाहन-चार्जिंगच्या निराळ्या दराचा स्वतंत्र मीटर घेतला, तेव्हा वरचा आकडा जमला.

मामा पुण्यात दोन खोल्यांत भाड्याने राहतात, तिसऱ्या मजल्यावर. गाडी रस्त्याच्या कडेला, जिथे जागा मिळेल तिथे लावावी लागते. मीटर घरमालकाच्या नावावर. तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडता येत नाही, आणि सोडू नयेच. तेव्हा मामांना कायम सार्वजनिक केंद्रावर जावे लागणार. तिथे वीस रुपये युनिट धरले तरी वर अठरा टक्के जी.एस.टी. लागतो, घरच्या विजेवर तो नाही. म्हणजे किलोमीटरला पावणेतीन रुपयांच्या पुढे. बचत साडेचारवरून तीन रुपयांवर येते आणि जादा पैसा फिटायला अडीचऐवजी पावणेचार वर्षे लागतात. शिवाय रांगेतला वेळ जातो, आणि तो वेळ म्हणजे चालकाचे भाडे. जो महिन्याला पाचशेच किलोमीटर फिरतो त्याला तर घरी चार्ज करूनही दहा वर्षे लागतील. त्याची गाडी दारात उभी राहून व्याज खाईल.

मामा गप्प झाले. मग बाहेर जाऊन आमच्या अंगणाकडे बघत म्हणाले, "आक्काचं अंगण म्हंजी पेट्रोल पंपच की." ते थट्टेने बोलले, पण माझ्या मनात ते वाक्य राहिले. आजवर आम्ही असेच धरून चालत होतो, की नवी गोष्ट आधी शहराला मिळते आणि मग उरली तर खेड्याला. मघाशी सांगितले, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यात वीज नव्हती म्हणूनही ही मोटार हरली. आज गावात वीज आहे, आणि शहरातल्या माणसाजवळ नसलेली एक गोष्ट गावातल्या साध्या माणसाजवळ आहे : दारासमोर गाडी उभी राहील एवढी स्वतःची जमीन. शेणाने सारवलेल्या या अंगणाला आम्ही कधी संपत्ती मानलेच नव्हते. ज्याला अंगण आहे त्याला ही गाडी स्वस्त आणि ज्याला नाही त्याला तीच महाग, असा हा व्यवहार आहे. गाडी तीच, माणूसही तसाच कष्टाचा. फरक फक्त रात्री ती कुठे उभी राहते याचा.

म्हणून मला वाटते, गाडी घेणाऱ्याला किंमतीत सूट देऊन काम संपत नाही. चाळीत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला, रिक्षा-थांब्यावर, बाजाराच्या पटांगणात साधे १५ ॲम्पियरचे, पण अर्थिंग असलेले पॉइंट हवेत. गिरणीतल्या त्या एका पॉइंटने तात्यांचा दिवस वाचविला. तो काही फार महागडा नव्हता.

धुराविषयी दोन शब्द लिहून संपविते, कारण त्याविना हा लेख प्रामाणिक होणार नाही. विजेची गाडी धूर सोडत नाही हे खरे. पण वीज कोठून येते? आपल्या राज्यात मोठा वाटा कोळशाचा आहे. २,९२० मेगावॉटचे चंद्रपूरचे वीजकेंद्र कोळशावर चालते. म्हणजे आमच्या दारातला धूर कमी झाला तरी थोडा धूर चंद्रपूरच्या माणसांच्या दारात जातो. तरीही पेट्रोलच्या इंजिनात इंधनाचा बहुतेक भाग उष्णतेत वाया जातो आणि मोटरमध्ये फारच थोडा जातो. त्यामुळे एकूण बेरजेत ही गाडी बरी ठरते. आणि १,९६० मेगावॉटच्या कोयनेचे पाणी, किंवा आमच्याच तालुक्यात ढालगावच्या माळावर फिरणाऱ्या पवनचक्क्या, यांचा वाटा जितका वाढेल तितकी ती अधिक बरी होत जाईल. पेट्रोलच्या गाडीला ही सुधारणा शक्य नाही.

हा लेख मी रात्री लिहीत आहे. बाहेर गाडी लावलेली आहे, हिरवा दिवा लुकलुकतो आहे. उद्या तात्यांचा वार आहे. मघाशी आप्पांनी आतून विचारले, "पोरी, किती झालं?" मी बाहेर जाऊन पाहून आले आणि सांगितले, "एकसष्ट." ते म्हणाले, "झालं मग, पहाटेपातूर हुतंय," आणि कूस बदलून झोपले.